आपत्कालीन आराखडा करताना या चुका टाळा

पोलिसांचा आराखडा पोलिसांपुरता ठीक असतो, अग्निशमन दलाचा त्यांच्यापुरता, आरोग्य विभागाचा त्यांच्यापुरता. घोळ होतो तो यांच्या मधल्या जागेत. कोणी कोणाला कळवायचं, कोणी कोणासाठी थांबायचं, घटनास्थळी अखेरचा शब्द कोणाचा, हे कुठेच नीट लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असलं तरी त्या तिघांनी एकत्र बसून वाचलेलं नसतं. आराखडा तपासायला घ्याल तेव्हा आधी या जागा शोधा.

सगळे निरोप एकाच माणसामार्फत

22 मे 2017 च्या रात्री इंग्लंडमधल्या मँचेस्टर अरीना या कार्यक्रमांच्या सभागृहात बॉम्बस्फोट झाला आणि 22 जण मारले गेले. पोलिसांच्या नियंत्रण कक्षातल्या एका ड्युटी अधिकाऱ्यावर त्या क्षणापासून सगळ्याच जबाबदाऱ्या येऊन पडल्या. सशस्त्र हल्ला सुरू आहे असं गृहीत धरून त्याने त्यासाठीची ठरलेली कारवाई जाहीर केली, पण ते अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवेला कळवलं गेलं नाही. अग्निशमन दलाचा अधिकारी त्याला फोन लावत राहिला, पण लाइन व्यस्तच लागत होती. धोका किती आहे हे कळेना, म्हणून बंब घटनास्थळी पाठवण्याऐवजी सुमारे 3 मैल दूरच्या केंद्रावर जमवले गेले. अग्निशमन दल प्रत्यक्ष पोहोचलं ते दोन तासांनी. तोवर जखमींना लोखंडी अडथळे आणि जाहिरातींचे फलक यांवर ठेवून बाहेर काढावं लागलं. नीट उपचार वेळेत मिळाले असते तर मृतांपैकी एक जण बहुधा वाचला असता, असं पुढे चौकशीत नमूद झालं.

त्या रात्री माणसं, बंब, रुग्णवाहिका सगळं उपलब्ध होतं. कमी पडला तो एकमेकांपर्यंत पोहोचणारा निरोप. मला ही चूक सगळ्यांत गंभीर वाटते, कारण ती कागदावर दिसत नाही.

यावर उपाय म्हणून ‘मोठी आपत्ती’ जाहीर करण्याचा आणि इतरांना कळवण्याचा अधिकार प्रत्येक सेवेला स्वतंत्रपणे द्या. तिन्ही सेवांच्या नियंत्रण कक्षांसाठी एक सामाईक वायरलेस चॅनेल ठेवा. घटनास्थळाजवळ तिघांचे प्रमुख समोरासमोर भेटतील अशी जागा पहिल्या काही मिनिटांत ठरली पाहिजे. ठरलेला माणूस फोन उचलत नसेल तर किती मिनिटांनी त्याच्याशिवाय निर्णय घ्यायचा, तो आकडाही आराखड्यात लिहा.

पहिल्या निरोपाचा साचाही एकच हवा: नेमकं ठिकाण, घटनेचा प्रकार, अजून असलेला धोका, कोणता रस्ता मोकळा आहे, जखमींचा अंदाज, कोण पोहोचलंय आणि आणखी कोण हवंय. हे सगळं एका दमात सांगता आलं पाहिजे.

नियंत्रण कक्षच धोक्याच्या टप्प्यात

न्यूयॉर्क शहराचं आपत्कालीन केंद्र सात क्रमांकाच्या वर्ल्ड ट्रेड सेंटर इमारतीत, 23व्या मजल्यावर होतं. 11 सप्टेंबर 2001 ला ते रिकामं करावं लागलं आणि संध्याकाळी ती इमारतच कोसळली. दुसऱ्याच दिवशी नदीकाठच्या एका धक्क्यावर वेगळ्याच विषयाची रंगीत तालीम व्हायची होती, तिथेच मग नवं केंद्र उभं करता आलं. जपानमधल्या फुकुशिमात 2011 सालच्या अणुअपघातात प्रकल्पापासून 5 किलोमीटरवर असलेलं आपत्कालीन केंद्र किरणोत्सर्गामुळे सोडावं लागलं.

नकाशावर तुमचा कक्ष, त्याचा जनरेटर आणि पर्यायी कक्ष यांच्यावर बोट ठेवून पाहा. एकाच पुरात तिन्ही जात असतील तर पर्याय नाहीच असं समजा. जनरेटर तळघरात असला तर आधी तो वर हलवा.

तालीम झाली, फोटो निघाले, विषय संपला

जुलै 2004 मध्ये न्यू ऑर्लीन्सवर मोठं चक्रीवादळ धडकतं, अशी कल्पना करून अमेरिकेत मोठा सराव झाला. वाहन नसलेले हजारो लोक शहरात अडकतील हे त्यात दिसलं. त्यांना बाहेर काढण्याच्या वाहतुकीचं नियोजन मात्र अपुरंच राहिलं. 29 ऑगस्ट 2005 ला कॅटरिना हे चक्रीवादळ आलं, आणि अडकले ते हेच लोक.

ओडिशाचं उदाहरण याच्या उलट आहे. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे 10,000 माणसं गेली. त्यानंतर निवारे बांधले गेले, स्वतंत्र प्राधिकरण आलं, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले. 2013 साली फायलीन हे चक्रीवादळ येण्याआधी सुमारे 10 लाख लोकांना हलवलं गेलं आणि मृतांचा आकडा शंभराच्या पुष्कळ खाली राहिला.

म्हणून तालमीत सापडलेल्या प्रत्येक त्रुटीपुढे पदनाम आणि तारीख लिहा. पुढची तालीम त्या यादीपासूनच सुरू करा. एखादी तालीम रात्री घ्या, आणि प्रमुख गैरहजर आहेत असं धरून घ्या. सगळं सुरळीत पार पडलं तर तालीम सोपी होती असं खुशाल समजा.

‘सर्वांनी सुरक्षित स्थळी जावे’

ज्यांना चालता येतं, ज्यांच्याकडे वाहन आहे, त्यांच्यासाठी ही सूचना पुरते. अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवर असलेले, ऐकू न येणारे, भाषा न कळणारे यांच्यासाठी ती नाही. फुकुशिमाजवळच्या एका रुग्णालयातल्या वृद्ध रुग्णांना बसमधून तासन्‌तास नेण्यात आलं, सोबत पुरेशी वैद्यकीय मदत नव्हती, आणि त्यात अनेक जण दगावले. माणूस कुठे न्यायचा एवढंच ठरवून भागत नाही. कशातून न्यायचा, सोबत कोण असेल आणि पोहोचल्यावर त्याला ताब्यात कोण घेईल, हेही ठरलेलं लागतं. अशा माणसांची यादी आरोग्य विभागाकडे असते, वाहनं दुसऱ्याकडे आणि निवारा तिसऱ्याच खात्याकडे.

बारीकसारीक वाटणाऱ्या चुका

संपर्क यादीत माणसांची नावं असतात आणि बदल्या झाल्या की ती कुचकामी ठरतात. पदाचा फोन क्रमांक द्या, दर तीन महिन्यांनी तो खरोखर लावून पाहा. निवारा म्हणून शाळा नेमली असेल तर रात्री दोन वाजता तिची किल्ली कोणाकडे असते ते विचारा. मोबाइल बंद पडेल हे धरूनच चाला.

बचावकार्य संपलं की आराखडाही संपतो, हीसुद्धा नेहमीची चूक. निवाऱ्यातल्या माणसांची नोंद, नातेवाइकांसाठी चौकशीची एकच खिडकी, मृतदेहांची ओळख, पिण्याच्या पाण्याची तपासणी ही कामं पहिल्याच दिवशी सुरू होतात. बचाव पथकाकडून स्थानिक प्रशासनाकडे सूत्रं कधी जाणार आणि तेव्हा कोणती कागदपत्रं हाती द्यायची, त्याचं एक पान आराखड्यात जोडा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या त्यावर आधीच घेऊन ठेवा.