स्पॅनिश पत्त्यातल्या दिशा वाचताना: आधी शेवटचं अक्षर बघा

‘देरेचा’ म्हणजे उजवी बाजू आणि ‘इस्किएर्दा’ म्हणजे डावी, हे पहिल्याच महिन्यात पाठ होतं. पण खरा पत्ता किंवा कुरिअरची पावती हातात आली की त्यात हे शब्द पूर्ण लिहिलेले सापडत नाहीत. असतात ती दोन-चार अक्षरं आणि एक टिंब. भाषांतर, डेटा एंट्री किंवा ग्राहकसेवेत नव्याने येणारे सगळ्यात जास्त इथेच चुकतात.

ही संक्षिप्त रूपं दोन तऱ्हेने बनतात. एकीत शब्द मधेच तोडून टिंब देतात, जसं इस्किएर्दाचं ‘आय-झेड-क्यू.’ दुसरीत मधली अक्षरं गाळून शेवट राखतात. देरेचाचं ‘डी-सी-एच-ए.’ आणि इस्किएर्दाचं ‘आय-झेड-डी-ए.’ ही स्पेनमध्ये दारोदार दिसणारी रूपं अशीच बनली आहेत. शेवट राखलेला बरा, कारण ‘देरेचा’ म्हणजे उजवीकडे, पण ‘सिगा देरेचो’ म्हणजे सरळ जा. लॅटिन अमेरिकेत ‘डी-ई-आर.’ असंही लिहितात. त्यात शेवटचा ‘ए’ की ‘ओ’ ते कळत नाही. पत्त्यात असेल तर उजवी बाजू धरा. रस्ता सांगणाऱ्या चिठ्ठीत असेल तर पुढचं-मागचं वाक्य वाचल्याशिवाय ठरवू नका.

शेवटच्या अक्षरावरून शब्दाचं लिंग पाहायची सवय बार्सिलोनाच्या पत्त्यांत फार कामी येते. तिथे ३ पुढे टिंब आणि वर चढवलेला छोटा ‘ओ’, मग २ पुढे टिंब आणि छोटा ‘ए’, एवढंच लिहिलेलं असतं. वाचायचं ‘तेर्सेरो सेगुन्दा’. मजला म्हणजे ‘पिसो’ पुल्लिंगी, म्हणून ‘ओ’. दार म्हणजे ‘पुएर्ता’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘ए’. तिसरा मजला, दुसरं दार. मजले मोजतानाही सांभाळा: जुन्या इमारतींत तळमजल्याच्या वर आधी ‘एन्त्रेसुएलो’ हा मधला मजला, मग ‘प्रिन्सिपाल’ हा मुख्य मजला आणि त्यानंतर ‘पहिला’ मजला येऊ शकतो. म्हणजे पहिला मजला गाठायला तीन जिने चढावे लागतात.

चार मुख्य दिशांची खूण मात्र एकेकच अक्षर, तेही टिंबाशिवाय: एन, एस, ई आणि ओ. ‘ओ’ म्हणजे ओएस्ते, पश्चिम. जर्मन शिकलेल्यांनी इथे जपावं, कारण तिथे हेच अक्षर पूर्वेचं. उपदिशांसाठी आपल्याकडे एकेरी शब्द आहेत, ते वापरा: ‘एन-ई’ ईशान्य, ‘एस-ई’ आग्नेय, ‘एस-ओ’ नैऋत्य, ‘एन-ओ’ वायव्य. हवामानाच्या तक्त्यात ‘व्हिएन्तो’ म्हणजे वारा या शब्दापुढे मोठ्या अक्षरांत ‘एन-ओ’ दिसलं की काही जण ‘वारा नाही’ असं लिहून मोकळे होतात. तिथे वायव्येकडून येणारा वारा असतो.

सगळ्यात मोठा खड्डा मेक्सिकोत आहे. तिथल्या पत्त्यांत पूर्वेला ओरिएन्ते आणि पश्चिमेला पोनिएन्ते म्हणतात, आणि लिहितात ‘ओ-टी-ई.’ नि ‘पी-टी-ई.’ नवखा माणूस पहिला ‘ओ’ पाहून ओएस्ते समजतो आणि पार्सल शहराच्या नेमक्या उलट टोकाला जातं. पुएब्ला शहरात हे फार महाग पडतं. मध्यवर्ती रस्त्याच्या एका अंगाला ३ ओरिएन्ते, दुसऱ्या अंगाला ३ पोनिएन्ते. रस्ता एकाच रेषेत, घरक्रमांकही दोन्हीकडे सारखे येऊ शकतात. अंधेरीत पूर्व-पश्चिम चुकली तर जशी पायपीट होते, तशीच इथे. ओळखायचं कसं? ‘ओ’पुढे ‘टी-ई’ आणि टिंब आहे, म्हणजे ओरिएन्ते. टिंबाविना एकटा ‘ओ’ असेल तर ओएस्ते. ‘पी-टी-ई.’ मात्र पुएन्ते म्हणजे पूल, किंवा प्रेसिदेन्ते म्हणजे अध्यक्ष यांचंही रूप असू शकतं. पुढे माणसाचं आडनाव असेल तर बहुधा अध्यक्षच. रस्त्याच्या आकड्यामागे लागलं असेल तर पश्चिम.

निकाराग्वाच्या मानाग्वात तर दिशेचे शब्दच वेगळे. ‘२ सी. आल लागो, १ सी. आरीबा, एम/आय’ असा पत्ता असतो. ‘सी.’ म्हणजे कुआद्रा, दोन चौकांमधलं अंतर. ‘आल लागो’ म्हणजे सरोवराकडे, अर्थात उत्तरेला. ‘आरीबा’चा शब्दार्थ ‘वर’, पण इथे तो सूर्य उगवतो ती बाजू, म्हणजे पूर्व. ‘आबाहो’ म्हणजे पश्चिम. ‘एम/आय’ म्हणजे मानो इस्किएर्दा, डाव्या हाताला. कोकणात वरची वाडी, खालची वाडी म्हणतात तसंच हे. फक्त ‘वर’ लिहिलं म्हणून कुणी जिना शोधू नये. सुरुवातीची खूण कधी कधी आज जागेवर नसलेली वास्तूही असते. १९७२च्या भूकंपात शहराचा मध्यभाग कोसळला, तरी ‘दोन्दे फुए’, म्हणजे ‘जिथे अमुक होतं तिथून’, असं म्हणून पत्ता सांगतात.

म्हणून काम करताना क्रम असा ठेवा. आधी देश बघा. मग टिंब आणि शेवटचं अक्षर. मग पूर्ण शब्द तोंडाने म्हणा. जो म्हणता येत नाही, तो अजून कळलेला नाही. मराठी किंवा इंग्रजी अर्थ टिपणाच्या रकान्यात लिहा. पार्सलवरचा पत्ता मूळ स्पॅनिशच राहू द्या, टिंबासकट. तो तिथल्या पोस्टमनने वाचायचा आहे.