साखळीवरचा कुत्रा सोडवताना

उपाशी बांधून ठेवलेला, मार खाणारा कुत्रा दिसला की डोकं फिरतं. तरीही रात्री जाऊन साखळी सोडू नका. मालक सकाळी चोरीची तक्रार देतो आणि कुत्रा परत त्याच खुंट्याला. आधी रस्त्यावरूनच व्हिडिओ काढा: आखूड साखळी, कोरडं भांडं, जखमा. मग मालकाशी शांतपणे बोला. "न्या एकदाचा," म्हणून पुष्कळ जण सुटतात. तेवढं कागदावर लिहून सही घ्या. ऐकलंच नाही तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कुत्र्याला आखूड किंवा जड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं गुन्हा आहे. पहिल्या वेळी दंड 10 ते 50 रुपये, याची मला चीड येते. पण विष घातलं असेल, मारून अपंग केलं असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 लावायला सांगा. त्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

उचलताना अंगावर जाड चादर टाका. दुखणारा कुत्रा चावतोच, त्यात त्याचा दोष नाही. चावला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करा.

मानेवरचे केस बोटांनी बाजूला करून बघा. आमची भुरी आली तेव्हा गळ्यात काही नाही असंच वाटत होतं, फक्त कुजका वास येत होता. केसांखाली लहानपणी बांधलेली सुतळी मांसात रुतली होती, वर कातडी चढलेली, आत अळ्या. अशी दोरी घरी ओढायची नाही. डॉक्टर भूल देऊनच काढतात.

हाडं दिसणाऱ्या कुत्र्याला ताट भरून घालायची माया आवरा. फार दिवसांच्या उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं तर रक्तातले क्षार कोसळून जीव जाऊ शकतो. किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारा. तोवर मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन, वाटी-अर्धी वाटी, दिवसातून चार-पाच वेळा. घरच्या कुत्र्यांपासून दोन आठवडे तरी लांब ठेवा, पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची भीती असते.

सगळ्यात जास्त धीर लागतो तो यानंतर. त्याला कोपरा द्या, खाली गोणपाट, आणि पाहुण्यांना दाखवायला नेऊ नका. तुम्ही पाठ अर्धी वळवून जमिनीवर बसा, डोळ्यांत बघू नका, डोक्यावर हात नेऊ नका. चिकनचा तुकडा बाजूला टाका आणि पेपर वाचत बसा. भुरी झाडू उचलला की लघवी करायची, म्हणून ती खोलीत असताना मी केर काढणंच बंद केलं. रागावलात तर सगळं परत पहिल्यापासून.

तब्येत भरली की नसबंदी, लसी, मग नवं घर. घर आधी स्वतः जाऊन बघा. "राखणीला पाहिजे" म्हणणाऱ्याला विचारा, रात्री कुठे झोपवणार? अंगणातल्या खुंट्याकडे बोट गेलं तर कुत्रा देऊ नका.