फेरमोजणी मागायची तर फॉर्म २० वर सही होण्याआधी

विधानसभेच्या मोजणीत आकडा खटकला की उमेदवाराची माणसं आधी वकिलाला फोन लावतात. त्या घडीला कोरा कागद आणि पेन जास्त कामाचं.

तयारी मतदानाच्या संध्याकाळी सुरू होते. केंद्राध्यक्ष मतदान प्रतिनिधीला १७-सी फॉर्मच्या पहिल्या भागाची सहीची प्रत देतो. त्यावर पडलेली एकूण मतं, कंट्रोल युनिटचा (मशीनचा मतं साठवणारा भाग) नंबर आणि कागदी सीलचे नंबर असतात. प्रतिनिधी रावेरचा असो की अक्कलकुव्याच्या डोंगरातला, ही प्रत मोजणीआधी उमेदवाराच्या हाती आलीच पाहिजे. फोटो काढा, पण मूळ कागद जपा.

मोजणीच्या टेबलावर युनिटचा नि सीलचा नंबर निकालाचं बटण दाबण्याआधी ताडायचा, एकूण मतं बटण दाबल्यावर. पन्नासेक मतं जास्त दिसली तर आधी विचारा: सकाळच्या मॉक पोलची, म्हणजे चाचणी मतदानाची, मतं पुसायची राहिली का? मॉक पोलला किमान ५० मतं टाकतात. बहुतेकदा तो विसर असतो, घोटाळा नव्हे. तरी हरकत लेखीच द्या आणि पोच घ्या.

आता मुख्य गोष्ट. शेवटची बेरीज जाहीर झाल्यावर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला थांबावंच लागतं, आणि तेवढ्याच वेळात फेरमोजणीचा अर्ज चालतो. त्याने फॉर्म २० वर, म्हणजे अंतिम निकालपत्रकावर, सही केली की दार बंद. उमेदवार मिरवणुकीच्या किंवा रुसण्याच्या नादात बाहेर असेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा मोजणी प्रतिनिधीही अर्ज देऊ शकतो. अर्जात केंद्र क्रमांक, फेरी, टेबल, १७-सी वरचा आकडा आणि मशीनचा आकडा लिहा. ‘मोजणीबद्दल शंका आहे’ एवढंच लिहिलेला अर्ज फेटाळला जातो, आणि ते बरोबरच आहे. फेटाळला तर कारणांसह लेखी आदेश मागून घ्या. पुढे कोर्टात तोच कामी येतो. व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कुणाला पडलं ते दाखवणाऱ्या छापील पावत्या) मोजायच्या असतील तर तसा वेगळा अर्ज करावा लागतो. चिठ्ठ्या आणि मशीन जुळले नाहीत तर चिठ्ठ्यांचा आकडा धरतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, सुप्रीम कोर्टाच्या एप्रिल २०२४ च्या निकालानुसार, मतदारसंघातल्या ५ टक्के मशीनची मेमरी तपासून मागता येते. मुदत निकालानंतर ७ दिवस, खर्च त्याचाच.

त्यानंतर उरते निवडणूक याचिका. जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी ती औरंगाबाद खंडपीठात, निकालापासून ४५ दिवसांच्या आत. ४६ व्या दिवशी आजारपण, एसटी, काही सांगून उपयोग नाही. हा उशीर माफ होत नाही. सोबत २,००० रुपये अनामत. ‘मलाच विजयी घोषित करा’ म्हणायचं असेल तर रिंगणातले बाकीचे सगळे उमेदवार प्रतिवादी करा. एक सुटला तरी याचिका तिथेच बाद.

फरकही बघा. धुळ्यात २०२४ ला लोकसभेचा निकाल ३,८३१ मतांनी लागला. अशा ठिकाणी ४० मतांची गडबड सिद्ध झाली तरी निकाल हलत नाही, कारण गडबडीने निकाल बदलला असता हे दाखवावं लागतं. फ्लोरिडात २००० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फरक अवघा ५३७ चा होता, तरी फेरमोजणी अर्धवट राहिली: मोजायची पट्टी ठिकठिकाणी वेगळी, आणि मुदतीत नीट मोजायला वेळ नाही, असं म्हणून अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १२ डिसेंबरला प्रकरण संपवलं.

ग्रामपंचायतीला हे ४५ दिवस लागू नाहीत. तिथे निकालापासून फक्त १५ दिवस, अर्ज दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे, आणि तो पडलेल्या उमेदवाराप्रमाणे तिथला मतदारही करू शकतो.