सेनापती उलटा उडाला? युद्धकाळातले मथळे वाचायचे आणि तपासायचे कसे

दुसऱ्या महायुद्धातला म्हणून एक इंग्रजी मथळा आजही सांगितला जातो: ‘मॅकआर्थर फ्लाइज बॅक टु फ्रंट’. उपसंपादकाला म्हणायचं होतं की अमेरिकी सेनापती जनरल मॅकआर्थर विमानाने पुन्हा आघाडीवर गेले. पण ‘बॅक टु फ्रंट’ एका दमात वाचलं की अर्थ होतो ‘उलटा, पुढची बाजू मागे’, आणि सेनापती पाठमोरा उडू लागतो. त्यातून ‘फ्लाइज’ म्हणजे पॅन्टची पुढची बटणपट्टीसुद्धा. ती मागे गेली तर काय, हा तिसरा अर्थ. दिवाळी अंकातला लेख, वाचनालयातलं भिंतीवरचं प्रदर्शन किंवा घरची कात्रणवही, कशासाठीही असे मथळे जमवायचे असतील तर पद्धत अशी.

आधी मथळा उसवा. कागदावर तो दोनदा लिहा आणि दोन्ही वेळा क्रियापद अधोरेखित करा. ‘एट्थ आर्मी पुश बॉटल्स अप जर्मन्स’ घ्या. पहिल्या वाचनात क्रियापद ‘बॉटल्स अप’: ब्रिटनच्या आठव्या सैन्याच्या रेट्याने जर्मनांची कोंडी झाली. दुसऱ्या वाचनात क्रियापद ‘पुश’: मग बाटल्या खऱ्याखुऱ्या, आणि सैन्य त्या जर्मनांच्या नको तिथे ढकलतंय. ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यातल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धाच्या संदर्भात सांगतात तो ‘ब्रिटिश लेफ्ट वॉफल्स ऑन फॉकलंड्स’ही याच जातीचा. डावे गुळमुळीत बोलतायत, की ब्रिटिशांनी बेटांवर वॉफल टाकून पाय काढला? अशा दुहेरी मथळ्यांना २००९ पासून इंग्रजीत ‘क्रॅश ब्लॉसम’ म्हणतात. शोधताना पुश, ड्राइव्ह, होल्ड, स्ट्राइक असे नाम आणि क्रियापद दोन्ही होणारे शब्द हेरा.

हे शब्द मथळ्यात येतात ते जागेपायी. छपाईचे खिळे जुळवण्याच्या काळात मथळा स्तंभात बसतो की नाही हे आधी मोजून पाहत. रूढ हिशेब असा: लहान अक्षराला एक माप, एम आणि डब्ल्यूला दीड, आय, एल, एफ, टी, जे यांना अर्धं. ‘ऑफेन्सिव्ह’चं इंग्रजी स्पेलिंग या हिशेबाने साडेसात मापं भरतं, ‘पुश’ फक्त चार. मोठा शब्द स्तंभाबाहेर जाणार, म्हणून छोटा घ्यायचा. शिवाय ‘द’, ‘इज’, ‘आर’ हे शब्द गाळायचे. वाक्याचे सांधे सांभाळणारे शब्दच असे निघून जातात. त्यात ब्रिटनमध्ये युद्धकाळी कागदाची टंचाई होती आणि १९४१ पर्यंत बहुतेक राष्ट्रीय दैनिकं चार पानांवर आली होती. हे माप स्वतः एकदा घालून बघा. मग चूक उपसंपादकाच्या डोक्यात नसून स्तंभाच्या रुंदीत होती हे लगेच कळतं.

दुसरा प्रकार ठाम भाकितांचा. हिटलरशी झालेल्या म्युनिक करारानंतर, १९३८ च्या शरद ऋतूत, ‘डेली एक्स्प्रेस’ने जाहीर केलं होतं की ब्रिटन या वर्षी युरोपातल्या युद्धात पडणार नाही आणि पुढच्या वर्षीही नाही. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटन युद्धात उतरलं. असे मथळे जोडीने लावा: डावीकडे भाकीत, उजवीकडे घडलेलं, दोन्हींवर तारीख. सोबत काहीही लिहू नका, वाचक आपोआप हसतो. ७ नोव्हेंबर १९१८ ची न्यूयॉर्कची वर्तमानपत्रंही अशीच लावण्याजोगी. युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या रॉय हॉवर्डने फ्रान्समधल्या ब्रेस्टहून पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीची तार केली, लोक रस्त्यावर नाचले, आणि खरी युद्धबंदी झाली चार दिवसांनी, ११ तारखेला.

आता शोध. ऑस्ट्रेलियाचं ‘ट्रोव्ह’, न्यूझीलंडचं ‘पेपर्स पास्ट’ आणि अमेरिकेचं ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हे जुन्या वर्तमानपत्रांचे ऑनलाइन संग्रह फुकट आहेत. ‘ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्ह’मध्ये पानं वाचायला सहसा पैसे भरावे लागतात. अख्खा मथळा टाकून शोधलात तर बहुधा हात हलवत परत याल. मथळ्याची मोठी, जाड अक्षरं संगणक हमखास चुकीची वाचतो. त्याऐवजी बातमीच्या मजकुरात असणार असे दोन-तीन शब्द (सेनापती, गाव, जहाज) घ्या आणि घटनेच्या मागेपुढे एक आठवडा असा तारखांचा पट्टा लावा. तारखेचीही गफलत होते: पर्ल हार्बरवरचा हल्ला हवाईत ७ डिसेंबर १९४१ ला झाला, तेव्हा जपानात ८ तारीख होती. आणि लंडनच्या ‘टाइम्स’चं पहिलं पान उघडून निराश होऊ नका. ३ मे १९६६ च्या आधी त्या पानावर छोट्या जाहिराती असत. बातम्या आत शोधा.

आवृत्तीचा घोळ याहून वाईट. फॉकलंड युद्धातला, ब्रिटनच्या ‘सन’चा ४ मे १९८२ चा ‘गॉचा’ (‘धरला रे!’) हा मथळा सुरुवातीच्या आवृत्तीत आला आणि नंतरच्या आवृत्त्यांत बदलला गेला. त्यामुळे त्याच तारखेच्या दोन खऱ्या प्रतींत दोन मथळे सापडू शकतात. हा मथळा मात्र विनोदाच्या भिंतीवर लावू नका. तो ज्यावर होता त्या ‘जनरल बेल्ग्रानो’ या ब्रिटिशांनी बुडवलेल्या अर्जेंटिनाच्या जहाजावर ३२३ माणसं गेली. हसायचं ते उपसंपादकाच्या शब्दांना, मेलेल्यांना नाही.

सर्वांत जास्त फसवते ती नेपोलियनची मालिका. १८१५ च्या मार्चमध्ये तो एल्बा बेटावरच्या हद्दपारीतून पॅरिसकडे येत असताना ‘मोनितर’ या फ्रेंच वर्तमानपत्राचे मथळे म्हणे रोज नरम होत गेले, सुरुवातीला ‘नरभक्षक’, शेवटी ‘सम्राट महाराज’. ऐकायला बहारदार, पण ही मालिका बनावट आहे. फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात ‘मोनितर’चे १ ते २१ मार्चचे अंक चाळा. बातम्यांवर गाव आणि तारीख दिसेल. असे ठळक मथळे घालण्याची रीतच तेव्हा नव्हती. एवढी एक खूण लक्षात ठेवलीत तरी जुने म्हणून फिरणारे बरेच बनावट मथळे बाजूला काढता येतात.

सापडलेल्या पानाचा फोटो वर्तमानपत्राच्या नावासकट, पूर्ण पानाचा घ्या. खाली नाव, तारीख, आवृत्ती, पान, स्तंभ लिहा. मूळ अंक हातात असेल तर चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दोन्ही टाळा. लाकडाच्या लगद्याचा कागद आम्लाने पिवळा आणि ठिसूळ होतोच, चिकटपट्टीचा डिंक त्यात तपकिरी डाग पाडतो. अंक उलगडून, सपाट, आम्लरहित फोल्डरमध्ये ठेवा.

मराठीत मांडताना आधी मूळ मथळा देवनागरीत द्या, मग दोन्ही अर्थ. सरळ भाषांतर केलंत तर विनोद मरतो, कारण ‘जर्मनांना’, ‘जर्मनांची’, ‘रेट्याने’ असे प्रत्यय लागले की कोण कर्ता आणि कोण कर्म हे उघड होतं. अपवाद क्वचित. पहिल्या महायुद्धाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘फ्रेंच पुश बॉटल्स अप जर्मन रिअर’मधल्या ‘रिअर’ला आपल्याकडे ‘पिछाडी’ आहे. सैन्याची मागची फळीही तीच आणि माणसाची मागची बाजूही तीच.

मथळा कुठेच मिळाला नाही, तरी तो छापलाच नव्हता असं लगेच ठरवू नका. २० ऑक्टोबर १९४० ला लंडनमधल्या कॉलिनडेलच्या ब्रिटिश वर्तमानपत्र ग्रंथालयावर बॉम्ब पडला. सुमारे ६,००० खंड नष्ट झाले, १५,००० खराब झाले. अशा मथळ्याखाली तारखेच्या जागी ‘सांगितला जातो’ एवढंच लिहा. मॅकआर्थरच्या आणि बाटल्यांच्या मथळ्यांखालीही, छापील पान हाती येईपर्यंत, हेच लिहायचं.