स्टॉक फोटो विकायचेत? मग अपलोडच्या आधी हे करून ठेवा

हार्ड डिस्कवर हजारो फोटो पडलेले असतात, कोणीतरी सांगतं की अरे हे स्टॉक फोटो म्हणून ऑनलाइन विकता येतात, म्हणजे एजन्सीच्या साइटवर ठेवायचे आणि जाहिरातवाले, डिझायनर, प्रकाशक ते वापरायचे पैसे देतात, आणि आपण त्याच रात्री अकाउंट उघडून पंचवीस फोटो चढवून मोकळे होतो. मीही तेच केलं होतं आणि त्यातले बहुतेक रिजेक्ट होऊन परत आले. फोटो बरे होते पण तयारी काहीच नव्हती. म्हणून नवीन सुरू करणाऱ्यांसाठी हे सगळं एका जागी लिहितोय, आणि सुरुवात कॅमेऱ्यापासून न करता परवानगीपासून करतोय कारण सगळ्यात जास्त फोटो तिथेच अडकतात.

फोटोत ओळखू येईल असा माणूस असेल आणि फोटो जाहिरातीसाठी विकायचा असेल तर मॉडेल रिलीज लागतो, म्हणजे त्या माणसाने सही करून दिलेली लेखी परवानगी. प्रत्येक माणसाचा वेगळा कागद, लहान मूल असेल तर आईवडिलांची किंवा पालकाची सही, आणि काही ठिकाणी साक्षीदाराचीही सही लागते. ओळखू येणं म्हणजे नुसता चेहरा नाही हं, हातावरचा खास टॅटू असेल तरी माणूस ओळखता येतो. स्वतःचाच फोटो काढून विकत असाल तरी स्वतःचा रिलीज भरावा लागतो. फॉर्म एजन्सीच्या साइटवर फुकट मिळतात, ते आधीच डाउनलोड करून दोन-चार कोरे प्रिंट बॅगेत ठेवा आणि माणूस समोर आहे तोवरच सही घ्या, नंतर घेऊ म्हटलं की ती सही राहतेच. दुसऱ्याच्या घराच्या आतले फोटो, भिंतीवरची पेंटिंग, शिल्पं यांना प्रॉपर्टी रिलीज, म्हणजे मालकाची किंवा कलाकाराची लेखी परवानगी लागू शकते. आयफेल टॉवरचा दिवसाचा फोटो चालतो, पण रात्रीच्या रोषणाईवर कॉपीराइट आहे त्यामुळे तो कमर्शियल म्हणजे जाहिरातीसाठी म्हणून घेत नाहीत, एवढं बारीक असतं हे.

लोगोचंही तसंच. माझा एक फोटो होता, पायरीवर बसून बुटाची लेस बांधणारे हात, बाजूने सकाळचा उजेड, मला फार आवडलेला. बुटावरचा लोगो मी नीट पुसला होता तरी फोटो परत आला, कारण मागे ठेवलेल्या बॅगेच्या चेनच्या टोकाला कंपनीचं नाव कोरलेलं होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. तेव्हापासून शूटच्या आधी मी फ्रेममधली प्रत्येक वस्तू हातात घेऊन फिरवून बघतो. लॅपटॉपचं झाकण, घड्याळाची डायल, पेन, टीशर्टची छाती, मागे उभी असलेली गाडी हे सगळं बघायचं. आधी काढून टाकणं दोन मिनिटांचं काम आहे, नंतर एडिटमध्ये तासभर जातो.

आता रस्त्यावरची गर्दी, मोर्चे, खेळाचे सामने यांत रिलीज घेणं शक्यच नसतं, ते फोटो एडिटोरियल म्हणून जातात. म्हणजे बातमीला, लेखाला वापरता येतात, जाहिरातीला नाही. तिथे कॅप्शनमध्ये ठिकाण, तारीख आणि नेमकं काय चाललंय हे लिहावं लागतं आणि फोटोतलं काही पुसायचं किंवा घालायचं नाही. म्हणून कॅमेऱ्यातली तारीख-वेळ आजच तपासा, बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की घड्याळ भलतीच तारीख दाखवतं आणि मग कुठला फोटो कधीचा हे शोधत बसावं लागतं.

कॅमेरा भारीच हवा असं अजिबात नाही. ॲडोबी स्टॉक आणि शटरस्टॉक या दोन मोठ्या एजन्सींकडे कमीत कमी ४ मेगापिक्सेल लागतात, आजकालचा साधा फोनसुद्धा त्याच्या वर असतो. फाइल जेपेग, कलर प्रोफाइल एसआरजीबी (एडिटमधून फाइल सेव्ह करताना निवडायची रंगांची सेटिंग), आणि लहान फोटो ओढूनताणून मोठा करायचा नाही. जमत असेल तर रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये शूट करा. फोनने काढत असाल तर आधी लेन्स पुसा, बोटाच्या तेलाने सगळा फोटो धुरकट येतो. मग प्रत्येक फोटो शंभर टक्के झूम करून एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश बघायचा. फोकस डोळ्यांवर आहे की कानावर, सावलीत नॉइज (दाणेदारपणा) किती आहे, आणि आकाशात फिकट राखाडी गोल ठिपके दिसतायत का, ते सेन्सरवरच्या धुळीचे असतात आणि लेन्सचं ॲपर्चर लहान, म्हणजे एफ सोळाच्या आसपास ठेवलं की अगदी स्पष्ट उठून दिसतात. भडक फिल्टर नको, डिझायनरला आपल्या कामाप्रमाणे रंग बदलायचे असतात.

त्याच डिझायनरसाठी फ्रेममध्ये एका बाजूला मोकळी जागा सोडा, तिथे त्याला मजकूर टाकायचा असतो. तोच सीन आडवा आणि उभा दोन्ही काढा, पण एकाच फोटोच्या पंधरा आवृत्त्या पाठवू नका, सारखे फोटो रिजेक्ट होतात. सूर्यास्त आणि फुलं आधीच प्रचंड पडलेली आहेत, त्यापेक्षा लोक रोज जे काम करतात ते नीट उजेडात काढलेलं जास्त उपयोगी पडतं असं माझं मत. सणाचे किंवा हंगामाचे फोटो दोन-तीन महिने आधी चढवा.

कीवर्डला मात्र खरंच वेळ द्या, कारण घेणारा फोटो शब्दांनीच शोधतो. शटरस्टॉकवर कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ५०, ॲडोबीवर ४९ पर्यंत, आणि ॲडोबीवर पहिले दहा सगळ्यात महत्त्वाचे असतात म्हणून क्रम लावून लिहा. समजा म्हाताऱ्या हातांनी कुंडीत रोप लावतानाचा फोटो आहे, तर हात, रोप, माती, कुंडी हे आलंच, पण बागकाम, ज्येष्ठ नागरिक, निवृत्ती, छंद, काळजी, क्लोजअप हेही त्यात बसतं. जे फोटोत नाही ते घालू नका. हे सगळं लाइटरूम किंवा डिजीकॅम अशा फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइलच्या मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत जाणाऱ्या माहितीतच भरलं की प्रत्येक एजन्सीला पुन्हा टाइप करावं लागत नाही.

पैशांचं थोडक्यात. ॲडोबी स्टॉक फोटोवर ३३ टक्के देतं, शटरस्टॉकवर विक्रीच्या संख्येप्रमाणे १५ ते ४० टक्के आणि दर १ जानेवारीला पुन्हा खालच्या पायरीवरून सुरुवात. घेणाऱ्याने सबस्क्रिप्शन घेतलेलं असेल तर एका डाउनलोडमागे बऱ्याचदा काही सेंटच पडतात, हे माहीत असू द्या. सुरुवातीला कुणालाच एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्याच एजन्सीला असं देऊ नका, मग तोच फोटो तीन-चार ठिकाणी ठेवता येतो. ओळखपत्रावर जे नाव तेच अकाउंटवर आणि तेच पैसे जिथे येतात त्या पेपाल किंवा पेओनियरच्या खात्यावर ठेवा. अमेरिकेबाहेर राहत असाल तर डब्ल्यू-८बेन हा टॅक्स फॉर्म भरावा लागतो, तो सही केलेलं वर्ष आणि पुढची तीन कॅलेंडर वर्षं चालतो, मग नवीन भरायचा.

पहिल्या खेपेला दहाच फोटो पाठवा, उत्तर येऊ द्या, रिजेक्ट झालेल्यांची कारणं वाचा आणि मगच पुढचे पाठवा. आणि सही केलेल्या रिलीजच्या स्कॅनला त्या शूटच्या फोल्डरचंच नाव द्या, बॅकअपही फोटोंसोबतच घ्या, कारण दोन वर्षांनी तोच फोटो दुसऱ्या एजन्सीला द्यायचा झाला तर तो कागद पुन्हा लागतो.