१५ एचपी मोटरचा स्टार-डेल्टा स्टार्टर: जोडणी, चाचणी आणि दोष शोधणे

वर्कशॉपमध्ये ब्लोअर, पंप, कॉम्प्रेसर असं काहीही असो, १० एचपीच्या पुढे गेलं की बहुतेक ठिकाणी स्टार-डेल्टा स्टार्टर भेटतो. तो मोटर आधी स्टार जोडणीत, म्हणजे वाइंडिंगला कमी व्होल्टेज देऊन सुरू करतो, आणि टायमरची वेळ संपली की डेल्टात, म्हणजे पूर्ण व्होल्टेजवर टाकतो. सर्किट पुस्तकातलंच आहे, पण जागेवर दोन गोष्टींमुळे तो त्रास देतो: मोटरकडे जाणाऱ्या सहा वायरींपैकी एखाद-दोन उलटसुलट लागतात, किंवा टायमर अंदाजाने फिरवून सोडलेला असतो. खाली ११ किलोवॅट म्हणजे १५ एचपी, १४४० आरपीएमच्या मोटरचं उदाहरण घेतलं आहे. आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

आधी नेमप्लेट

नेमप्लेटवर डेल्टासमोर ४१५ व्होल्ट लिहिलेलं असेल तरच ही मोटर स्टार-डेल्टावर चालते. डेल्टासमोर २४० आणि स्टारसमोर ४१५ असेल तर ती मोटर आपल्या सप्लायवर कायम स्टारमध्येच चालवायची असते. तिला डेल्टात टाकलं तर २४० व्होल्टच्या वाइंडिंगला थेट ४१५ मिळतात आणि ती जळते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टर्मिनल हवेत: यू-१, व्ही-१, डब्ल्यू-१ आणि यू-२, व्ही-२, डब्ल्यू-२. जुन्या मोटरवर ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशी खूण सापडेल.

आता करंट. समजा नेमप्लेटवर २१ अँपिअर आहे. थेट सप्लायवर चालू केली तर ही मोटर सुरुवातीला सहा ते सात पट, म्हणजे १२५ ते १४५ अँपिअर ओढते. स्टारमध्ये लाइन करंट एक तृतीयांश होतो, म्हणजे साधारण ४२ ते ४८. पण टॉर्कही एक तृतीयांशच मिळतो, आणि हे विसरून चालणार नाही. सेंट्रिफ्यूगल पंप, डँपर (हवेची झडप) बंद असलेला ब्लोअर, अनलोडर (सुरू होताना दाब काढून टाकणारी झडप) असलेला कॉम्प्रेसर हे स्टारमध्ये आरामात वेग घेतात. मालाने भरलेला कन्व्हेअर किंवा टाकीतल्या प्रेशरविरुद्ध सुरू होणारा पिस्टन कॉम्प्रेसर घेत नाही. तिथे सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) सुचवा. लोडच चुकीचा असेल तर टायमर कितीही फिरवला तरी उपयोग नाही.

सामान

स्टार्टरमध्ये मेन, स्टार आणि डेल्टा असे तीन कॉन्टॅक्टर (कॉइलने ओढले जाणारे स्विच) असतात. मेन आणि डेल्टा कॉन्टॅक्टरमधून लाइन करंटच्या ५८ टक्के करंट जातो: २१ गुणिले ०.५८, म्हणजे १२.२ अँपिअर. स्टार कॉन्टॅक्टरला ३३ टक्के, म्हणजे ७ अँपिअर. तेव्हा मेन आणि डेल्टा १८ अँपिअरचे, स्टार १२ अँपिअरचा घ्या, आणि हे रेटिंग एसी-३ (मोटरसाठीच्या) ड्यूटीचंच वाचा. त्याच कॉन्टॅक्टरवर एसी-१ समोर मोठा आकडा छापलेला असतो, तो हीटरसारख्या लोडसाठी असतो. स्टार आणि डेल्टाच्या मध्ये मेकॅनिकल इंटरलॉक लावाच. काही पॅनलमध्ये पैसे वाचवायला तो काढलेला असतो. स्टारचे पोल चिकटलेले असताना डेल्टा ओढला गेला तर तिन्ही फेज थेट शॉर्ट होतात.

मोटर जास्त करंट ओढू लागली की ती बंद करतो तो ओव्हरलोड रिले. त्याची रेंज अशी निवडा की १२.२ डायलच्या मधल्या भागात येईल. बॅकअप फ्यूज उत्पादकाच्या टाइप-२ कोऑर्डिनेशन (शॉर्टनंतरही स्टार्टर वापरता येईल अशी जुळणी) तक्त्यातून घ्या. एमसीबी वापरायची असेल तर डी-कर्व्ह. सी-कर्व्ह पाच ते दहा पटीच्या झटक्यावर पडते आणि डेल्टात जाताना तेवढा झटका बसू शकतो. पॅनलच्या इनकमिंगला ६ चौरस मिमी तांब्याची केबल, मोटरकडे ४ चौरस मिमीच्या सहा वायरी, कंट्रोलला १.५ चौरस मिमी. अंतर लांब असेल किंवा एकाच ट्रेमध्ये खूप केबल असतील तर एक साइज वर जा. मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या अर्थिंग तारा लागतात. हा नियम आहे, आणि एक तार सुटली तरी दुसरी माणूस वाचवते.

पॉवर जोडणी

काम सुरू करण्याआधी आयसोलेटर बंद, त्यावर स्वतःचं कुलूप, चावी स्वतःच्या खिशात. टेस्टर आधी चालू सप्लायवर तपासा, मग कामाच्या जागेवर, मग पुन्हा चालू सप्लायवर. मोटरची सहाही टर्मिनल तपासा, तीन नाही. डेल्टा कॉन्टॅक्टर चिकटलेला असेल तर मेन पडल्यावरही यू-२, व्ही-२, डब्ल्यू-२ वर सप्लाय राहतो.

टर्मिनल बॉक्समधल्या पितळी पट्ट्या आधी काढा. कारखान्यातून मोटर बहुतेकदा डेल्टाच्या पट्ट्या लावून येते. त्या तशाच राहिल्या तर स्टार कॉन्टॅक्टर ओढला की मेनमधून आलेले तिन्ही फेज पट्टीवरून थेट स्टार पॉइंटला भिडतात. नव्या मोटरवर पहिल्याच स्टार्टला फ्यूज उडण्याचं हे मोठं कारण आहे.

आर, वाय, बी म्हणजे सप्लायचे तीन फेज. मेन कॉन्टॅक्टरच्या खालून, ओव्हरलोड रिलेतून: आर यू-१ ला, वाय व्ही-१ ला, बी डब्ल्यू-१ ला. डेल्टा कॉन्टॅक्टरच्या खालून: आर व्ही-२ ला, वाय डब्ल्यू-२ ला, बी यू-२ ला. स्टार कॉन्टॅक्टरच्या एका बाजूला यू-२, व्ही-२, डब्ल्यू-२, दुसऱ्या बाजूला तिन्ही पोल जाड लिंकने एकत्र. आर डब्ल्यू-२ ला, वाय यू-२ ला, बी व्ही-२ ला असा दुसरा क्रमही चालतो, मोटर त्याच दिशेने फिरते. पण पहिल्या क्रमात स्टारमधून डेल्टात जाताना झटका कमी बसतो, म्हणून तोच ठेवा. दोन क्रमांची सरमिसळ मात्र करू नका.

प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना फेरूल (खुणेची नळी) घाला, लग (वायरीच्या टोकाची धातूची डोळी) क्रिम्प केलेला असू द्या. केबल ग्लँड मोटरच्या खालच्या बाजूने घ्या. महाड, लोट्यासारख्या कोकणातल्या वसाहतींत दमटपणा आणि रसायनांची वाफ असते. तिथे टर्मिनल बॉक्सचं गॅस्केट खराब असेल तर एका पावसाळ्यात टर्मिनलवर हिरवा थर चढतो.

पॉवर फॅक्टरसाठी कपॅसिटर लावायचा असेल तर तो मोटरच्या टर्मिनलवर जोडू नका. स्टार्टरच्या इनकमिंग बाजूला, स्वतःच्या कॉन्टॅक्टरवर जोडा. मोटरवर असला तर स्टार सुटल्यावर आणि डेल्टा लागेपर्यंत मोटर जनरेटरसारखी वागून व्होल्टेज चढवू शकते.

कंट्रोल

कंट्रोल फेज २ अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेच्या ९५-९६ मध्ये (रिले पडला की तुटणारा संपर्क), तिथून स्टॉप बटणाच्या एनसीमध्ये (एरवी जोडलेला संपर्क), मग स्टार्टच्या एनओमध्ये (एरवी तुटलेला संपर्क). स्टार्टच्या पुढच्या बिंदूवरून चार शाखा निघतात. टायमरची कॉइल थेट. स्टारची कॉइल टायमरच्या एनसी आणि डेल्टाच्या एनसीमधून. मेनची कॉइल स्टारच्या एनओमधून, आणि त्या एनओला समांतर मेनचा स्वतःचा एनओ. डेल्टाची कॉइल मेनचा एनओ, टायमरचा एनओ आणि स्टारचा एनसी यांतून. मेनचा आणखी एक एनओ स्टार्ट बटणाला समांतर, होल्डिंगसाठी.

या रचनेत स्टार ओढला गेल्याशिवाय मेन येत नाही, आणि डेल्टा चिकटलेला असेल तर मोटर सुरूच होत नाही. टायमर स्टार-डेल्टासाठीचाच घ्या. त्यात स्टार सुटणं आणि डेल्टा लागणं यांत साधारण ५० मिलिसेकंदांची मोकळी वेळ असते, तेवढ्यात स्टारच्या पोलमधली ठिणगी विझते. सिंगल फेज प्रिव्हेंटरचा (एक फेज गेला की सर्किट तोडणाऱ्या उपकरणाचा) संपर्क ९५-९६ च्या सिरीजमध्ये घ्या. एक फेज गेला की डेल्टातल्या एका वाइंडिंगवर बाकीच्या दोघींपेक्षा बराच जास्त भार येतो, आणि साधा रिले पडेपर्यंत ते वाइंडिंग तापून खराब होऊ शकतं.

मोटर जोडण्याआधीची चाचणी

ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि ती टाळू नये. मोटरकडच्या सहाही वायरी टर्मिनलवरून सोडा, टोकं एकमेकांपासून लांब, इन्सुलेटेड कनेक्टरमध्ये बसवा. चालू सप्लायवरचं काम आहे, त्यामुळे हातमोजे घाला, कॅट-३ रेटिंगचा मल्टिमीटर वापरा आणि सुपरवायझरला शेजारी उभं करा. स्टार्ट दाबा. स्टारमध्ये यू-१ ते व्ही-१, व्ही-१ ते डब्ल्यू-१, डब्ल्यू-१ ते यू-१ असे ४१५ व्होल्ट मिळायला हवेत. यू-२, व्ही-२, डब्ल्यू-२ यांच्यात शून्य.

डेल्टा लागल्यावर प्रत्येक वाइंडिंगच्या दोन टोकांमध्ये मोजा: यू-१ ते यू-२, व्ही-१ ते व्ही-२, डब्ल्यू-१ ते डब्ल्यू-२. तिन्ही ठिकाणी ४१५ आले तर जोडणी बरोबर. एका जोडीत शून्य आलं तर एकाच बाजूच्या (१ किंवा २ नंबरच्या) दोन वायरींची अदलाबदल झाली आहे. तिन्हींत शून्य आलं तर प्रत्येक वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना तोच फेज जातो आहे. अशी जोडणी मोटरवर गेली असती तर मोटर स्टारमध्ये गोड चालली असती आणि डेल्टा लागताच धडाका झाला असता किंवा ती बंद पडत गेली असती.

मोटर पॅनलपासून सुटलेली असतानाच ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) प्रत्येक वाइंडिंग ते बॉडी आणि वाइंडिंग ते वाइंडिंग एकेक मिनिट मोजा. १ मेगाओहमच्या खाली असेल तर चालू करू नका, आधी वाळवा. नवी किंवा नुकतीच भरलेली मोटर याच्या कितीतरी वर दाखवते.

रिवाइंडिंग होऊन आलेल्या मोटरच्या वायरींवर खूण नसेल तर आधी कंटिन्यूटीने तीन जोड्या शोधा. मग प्रत्येक जोडीचं एक टोक एकत्र, उरलेली तिन्ही टोकं एकत्र बांधा, आणि या दोन गाठींमध्ये काट्याचा मिलिअँपिअर मीटर लावून शाफ्ट हाताने फिरवा. काटा जवळजवळ स्थिर राहिला तर एका गाठीत सगळी सुरुवातीची आणि दुसरीत सगळी शेवटची टोकं आली. काटा हलला तर एका जोडीची टोकं उलटवून पुन्हा बघा. ही खूण रोटरमधल्या उरलेल्या चुंबकत्वावर चालते, म्हणून कधीच न चाललेल्या मोटरवर तिचा भरवसा धरू नका.

सेटिंग आणि पहिला स्टार्ट

रिले मेनच्या खाली आहे, म्हणून १२.२ वर. २१ वर ठेवला तर रिले आहे आणि नाही सारखाच. काही तयार स्टार्टरच्या डायलवर लाइन करंटच छापलेला असतो, तिथे २१ लावायचा, त्यामुळे डायल वाचून घ्या. रिले पार इनकमिंगला असेल तर २१ लागतो, पण मग मोटर स्टारमध्येच अडकली तर तो वाइंडिंगला वाचवत नाही.

दिशा बघायला क्षणभर स्टार्ट करून स्टॉप करा. स्क्रू कॉम्प्रेसर असेल तर कपलिंग सोडूनच. दिशा उलटी असेल तर पॅनलच्या इनकमिंगला दोन फेज बदला. मोटरवर यू-१ आणि व्ही-१ बदलले तर वरची सगळी मांडणी बिघडते.

टायमर ८ सेकंदांवर ठेवून सुरुवात करा आणि टाँग टेस्टर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारं मीटर) इनकमिंगच्या एका फेजवर लावा. करंट ४५ च्या आसपास उठतो, काही सेकंद टिकतो, मग एकदम खाली येतो. तो खाली आल्यावर एखाद्या सेकंदात डेल्टा लागायला हवा. करंट वर असतानाच डेल्टा लागला तर झटका थेट स्टार्टइतका बसतो, वेळ वाढवा. खाली येऊन बराच वेळ स्टारमध्येच चालत असेल तर वेळ कमी करा. १५ सेकंदांतही खाली आला नाही तर लोड, बेअरिंग, बेल्टचा ताण आणि मोटरवर पोहोचणारं व्होल्टेज तपासा.

नंतर येणारे दोष

स्टारमध्ये नुसती गुणगुण करते, फिरत नाही: एक फेज नाही, किंवा स्टारचा एक पोल जळला आहे. डेल्टा लागतच नाही: टायमरचा एनओ किंवा स्टारचा एनसी साफ नाही. बहुतेकदा ऑक्झिलरी ब्लॉकमध्ये धूळ बसलेली असते. डेल्टा लागताना फ्यूज जातो, पण रोज नाही: टायमर कमी आहे किंवा स्टारचे पोल उशिरा सुटतात. कॉन्टॅक्टर उघडून पोलवर खड्डे दिसले तर पॉलिश पेपरने घासू नका, चांदीचा थर निघून जातो. पोलचा संच बदला. चालू मोटरचा रिले तासाभराने पडतो: रिलेखालच्या तिन्ही वायरींचा करंट मोजा. एक जास्त, दोन कमी असतील तर व्होल्टेजचा असमतोल किंवा ढिला लग शोधा, आणि कारण सापडेपर्यंत डायल वर सरकवू नका. तिन्ही सारखे आणि १२.२ च्या वर असतील तर मोटर खरोखर जास्त ओढते आहे.

बसवल्यानंतर आठवड्याने सप्लाय बंद करून सगळे स्क्रू एकदा घट्ट करा. तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर पहिल्या काही दिवसांच्या तापण्या-थंड होण्याने बसते आणि ढिली पडते. सेट केलेला करंट, टायमरचे सेकंद आणि तारीख पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.