कार्बन फुल-सस्पेन्शन फ्रेम जोडताना या चुका टाळा

फ्रेम एकीकडून आणि पार्ट दुसरीकडून घेऊन क्रॉस-कंट्री सायकल जोडणारे बहुतेक जण सगळं स्टँडवरच तपासतात. चाक बसलं, क्रँक फिरला, गिअर पडले की सायकल तयार. हार्डटेलला, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेल्या सायकलला, एवढं पुरतं. फुल-सस्पेन्शनचं मागचं चाक मात्र १०० ते १२० मिमी वर येतं. ते वर आलं की टायर सीट ट्यूबजवळ सरकतो, चेन ताणली जाते, ब्रेकची होज वाकते. छोट्या साइजच्या फ्रेमवर ड्रॉपर (लिव्हरने खाली-वर होणारा सीटपोस्ट) खाली असेल तर सीटसुद्धा टायरला टेकू शकते. आणि कार्बनवर घासलं तर प्रकरण रंग जाण्यावर थांबत नाही, चिखल लागलेला टायर कानशीसारखा फ्रेम खात जातो.

म्हणून पहिल्या राइडच्या आधी शॉकमधली, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या दबणाऱ्या नळीतली, हवा सोडा. सोडताना शॉक हळूहळू दाबत-सोडत राहा, नाहीतर निगेटिव्ह चेंबरमध्ये (शॉकमधल्या उलट बाजूने दाबणाऱ्या हवेच्या कप्प्यात) हवा अडकते आणि शॉक आखडून बसतो. मग सीटवर छाती टेकून सायकल शेवटपर्यंत दाबा आणि दुसऱ्या कुणाला तरी टॉर्च घेऊन मागे बसवा. टायर, रॉकर (शॉकला जोडलेला हलता भाग), चेनस्टे (पेडलांकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळ्या), होज, सीट, सगळीकडे नजर फिरवायला सांगा. टायरच्या दोन्ही बाजूंना चेनस्टेमध्ये ६ मिमीची ॲलन की सरकते का तेही बघून घ्या. सरकत नसेल तर तो टायर त्या फ्रेमचा नाही, मग रिमवर कितीही छान दिसू दे.

शॉक: लांबी जुळली, स्ट्रोकचं काय?

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. शॉकला दोन मापं असतात. एक दोन बोल्टांमधलं अंतर आणि दुसरं स्ट्रोक, म्हणजे तो किती दबतो ते. १९० मिमी लांबीचे शॉक ४० मिमी स्ट्रोकमध्येही मिळतात आणि ४५ मध्येही. बाहेरून बघून फरक कळत नाही, कारण बऱ्याचदा बॉडी एकच असते आणि आत एक स्पेसर कमी-जास्त असतो.

समजा, फ्रेम ४० मिमी स्ट्रोकवर १०० मिमी ट्रॅव्हल देते, म्हणजे चाक तेवढं वर येऊ देते. म्हणजे शॉक १ मिमी दबला की चाक सरासरी अडीच मिमी वर येतं. त्याच जागी ४५ चा शॉक लावला तर चाक आणखी साडेबारा मिमी वर येणार. त्या साडेबारा मिमीसाठी फ्रेममध्ये जागा ठेवलेलीच नसते. टायर सीट ट्यूबवर आपटतो किंवा रॉकर फ्रेमला भिडतो, तेही तुमचं पूर्ण वजन एखाद्या ड्रॉपवर येतं त्याच क्षणी.

हलक्या फ्रेमांमध्ये एक गोष्ट आणखी असते. वजन वाचवायला मागच्या ॲक्सलजवळचा पिव्हट (फिरता सांधा) काढून टाकलेला असतो आणि त्याच्याऐवजी सीटस्टे (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या वरच्या नळ्या) स्वतः किंचित वाकतात. किती वाकायचं ते ट्रॅव्हलवरून ठरवलेलं असतं. जास्त स्ट्रोकचा शॉक घातला की ते त्यापेक्षा जास्त वाकवले जातात. अशा फ्रेमचा शॉक काढल्यावर मागचा भाग सैल खाली पडत नाही, मध्येच कुठेतरी तोलून राहतो. तो जाम नाही, स्टेची ती नैसर्गिक जागा आहे. हे माहीत नसल्यामुळे चांगली बेअरिंग ठोकून बाहेर काढलेली मी पाहिली आहेत.

ट्रनियन शॉक तर वेगळाच प्रकार. १९०×४५ च्या जोडीचा ट्रनियन १६५×४५ असतो, दोन्ही बाजूंना बोल्ट थेट शॉकच्या बॉडीत जातात. एकाच्या फ्रेममध्ये दुसरा बसत नाही. जुनी इंची मापं आणि २०१६ मध्ये आलेली मेट्रिक मापं यांचंही तसंच. जुना शॉक १९०×५१ असेल तर लांबी सारखी म्हणून फसू नका.

सेकंडहँड फ्रेम घेत असाल तर ती कंपनीच्या खास पद्धतीची आहे का ते आधी बघा. स्पेशलाइज्डच्या ब्रेन (शॉक आपोआप घट्ट-मोकळा करणारी यंत्रणा) असलेल्या एपिक फ्रेमांचा शॉक त्यांचा स्वतःचा असतो. कॅननडेलच्या एआय फ्रेममध्ये मागची सगळी रचना काही मिलिमीटर उजवीकडे सरकवलेली असते, त्यामुळे नेहमीचं चाक त्यात मध्यावर येत नाही, स्पोक ताणून ते सरकवून घ्यावं लागतं.

चेनलाइन आणि तीन मिलिमीटर

मागचं हब १४८ मिमीचं बूस्ट (रुंद प्रकारचं) असेल तर चेनलाइन, म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून चेनरिंगपर्यंतचं अंतर, साधारण ५२ मिमी लागते. स्रॅमच्या डायरेक्ट-माउंट (थेट क्रँकवर बसणाऱ्या) चेनरिंगवर ३ मिमी ऑफसेट म्हणजे बूस्ट, ६ मिमी म्हणजे जुनं नॉन-बूस्ट. घरात पडलेली ६ ची रिंग बूस्ट फ्रेमवर लावली की ती ३ मिमी आत जाते. ३२ दातांची कदाचित निभावेल, ३४ ची चेनस्टेला जवळजवळ चिकटेल, आणि पेडलवर जोर आल्यावर फ्रेम लवली की घासेल. कंपनीने दिलेली जास्तीत जास्त चेनरिंगची मर्यादा ठराविक चेनलाइन गृहीत धरूनच दिलेली असते.

उलट बाजूची तक्रारही ऐकू येते. मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर चेन असताना पेडल उलटं फिरवलं की चेन खाली घसरते. लोक डिरेलरचे (गिअर बदलणाऱ्या भागाचे) स्क्रू पिळत बसतात. डिरेलरचा यात बहुतेक वेळा काहीच दोष नसतो. चेनरिंग जास्त बाहेर असते, नाहीतर बीबीचा (क्रँक ज्या बेअरिंगांवर फिरतो त्या भागाचा) स्पेसर चुकीच्या बाजूला गेलेला असतो.

चेनची लांबी मोजतानाही शॉकची हवा सोडलेली हवी. बीबी आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर ट्रॅव्हलमध्ये वाढतं. ते सर्वांत जास्त असेल त्या स्थितीत, डिरेलरमधून न ओवता, मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून चेन गुंडाळून माप घ्या आणि डिरेलरच्या कंपनीने सांगितलेल्या कड्या त्यात वाढवा. सायकल स्टँडवर मोकळी लटकत असताना कापलेली चेन पहिल्या मोठ्या धक्क्याला डिरेलर उपटून काढू शकते.

हॅन्गर, ॲक्सल, फ्रीहब

हॅन्गर म्हणजे डिरेलर धरणारा फ्रेमवरचा तुकडा. स्रॅमचा २०१९ मध्ये आलेला यूडीएच हॅन्गर आता खूप फ्रेमांवर दिसतो. २०२३ पासूनची त्यांची टी-टाइप ट्रान्समिशन (गिअरचा संच) हॅन्गर काढून थेट फ्रेमवर बसते, त्यामुळे फ्रेम यूडीएचचीच हवी. दिसायला तशीच, हे चालत नाही. बाकीच्या डिरेलरना मात्र तो हॅन्गर जागेवर लागतो. त्याच्या बोल्टचे आटे उलटे आहेत, घट्ट करायला डावीकडे फिरवायचा, २५ न्यूटन मीटर. नेहमीच्या दिशेने जोर लावून घट्ट करतोय असं समजणारे तो सैल करत असतात.

मागचा ॲक्सल १२ मिमीचा असला तरी आट्यांची पिच १, १.५ किंवा १.७५ असू शकते. दोन फेऱ्यांत जड झाला तर थांबा. पिळत राहिलात तर फ्रेममधले आटे जातील. फ्रीहबचं (हबवर कॅसेट बसते त्या भागाचं) सोपं आहे: दहा दात्यांपासून सुरू होणारी शिमानोची १२-स्पीड कॅसेट मायक्रो स्प्लाइनवर बसते, स्रॅमची एक्सडीवर. कॅसेट घेण्याआधी हब बघा.

बीबी

प्रेसफिट ९२, म्हणजे आट्यांशिवाय दाबून बसवायच्या बीबीच्या, फ्रेमचा आतला व्यास ४१ मिमी. त्यात ३० मिमीचा स्पिंडल (क्रँकचा दांडा) घातला तर बेअरिंग आणि कप मिळून एका बाजूला साडेपाच मिमी उरतात. शिमानोच्या २४ मिमी स्पिंडलला साडेआठ. मोठा स्पिंडल हलका आणि कडक असतो हे खरं, पण इतक्या पातळ बेअरिंगचं आयुष्य कमी असतं. अशा फ्रेममध्ये मी २४ चाच घेईन. आट्यांची बीबी असलेली फ्रेम मिळत असेल तर ५०-६० ग्रॅम जास्त सहन करून तीच. तिच्या उजव्या कपचे आटे उलटे असतात हे विसरू नका. प्रेसफिट कप हातोड्याने ठोकू नका, प्रेसने सरळ बसवा. कप घट्ट जातोय म्हणून कार्बनची बाजू घासायची तर अजिबात नाही.

फोर्क आणि सीटपोस्ट

१०० च्या जागी १२० चा फोर्क लावला की हेड अँगल (फोर्कचा कल) साधारण एक अंशाने मागे कलतो आणि बीबी वर येते. चढावर पुढचं चाक भटकतं. कंपनीने परवानगी दिली असेल तरच लावा, कारण हेड ट्यूबवरचा ताणही वाढतो. एक साधी तपासणी लोक विसरतात. हँडल पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवा. फोर्कच्या डोक्यावरची लॉकआउटची नॉब डाउन ट्यूबला लागते का? पहिल्या पडण्यात तिथेच खड्डा पडतो.

ड्रॉपर विकत घेण्याआधी सीट ट्यूबमध्ये एक काठी हलकेच सोडा आणि ती कुठे अडते ते मोजा. फुल-सस्पेन्शन फ्रेममध्ये आत बोल्ट किंवा वाक असतो, त्यामुळे पोस्ट पूर्ण खाली जात नाही. लांब पोस्ट दाबून बसवला तर तो आतून टोचत राहतो. सीटपोस्टला ग्रीस नको, कार्बन पेस्ट लावा आणि क्लॅम्पवर लिहिलेला टॉर्क पाळा.

कुरकुर कुठून येते

पेडल मारताना आवाज आला की सगळे बीबीकडे बोट दाखवतात. मीही एकदा दोन बीबी बदलल्या आणि आवाज तसाच राहिला. शेवटी मागचं चाक काढलं तेव्हा हॅन्गरच्या मागे बारीक, राखाडी मातीचा थर दिसला. पुसला, ग्रीसचा पातळ हात दिला, बोल्ट टॉर्कने आवळला, आवाज संपला. तेव्हापासून मी मागून पुढे येतो. आधी ॲक्सल आणि हॅन्गर, मग उभं राहून पेडल मारून बघायचं. आवाज थांबला तर सीट आणि सीटपोस्ट. नंतर शॉकचे बोल्ट आणि पिव्हट, चेनरिंगचे बोल्ट, हेडसेट. बीबी शेवटी.

एवढं करूनही आवाज एकाच ठिकाणाहून येत असेल, आणि तिथे, विशेषतः रॉकरच्या माउंटजवळ किंवा चेनस्टेच्या मुळाशी, रंगात केसासारखी रेघ दिसत असेल, तर त्या रेघेच्या दोन्ही टोकांवर पेनाने खूण करा, फोटो काढा, आणि कार्बन दुरुस्ती करणाऱ्याने तपासेपर्यंत सायकल चालवू नका.